जहाजाच्या आधीची अकरा पानं

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला माझी कीव यायला नको: या सगळ्यात पहिल्या नंबरची गाढव मी. आमच्या सुपरवायझर मॅडम दुसऱ्या नंबरवर. त्यांच्यावर माझा राग आहे, चांगला भरपूर आहे, आणि तो मी इथे काढणारच आहे. पण दर वेळी काढायला बसले की अर्ध्या वाटेत बोट माझ्याकडेच वळतं.

मी वसईची. मस्कतला येऊन तेवीस वर्षं झाली; त्यातली एकोणीस एका इंडियन स्कूलमध्ये सोशल सायन्स शिकवण्यात गेली. शिकवण्यात कसलं डोंबल, पोर्शन संपवण्यात. नवरा इथल्या गाला नावाच्या भागात एका गॅरेजमध्ये फोरमन, आम्ही राहतोही त्याच बाजूला, आणि मी सकाळी मुलांबरोबर सात नंबरच्या स्कूलबसने शाळेत जाते. त्या बसवर एक आफ्रिकन बाई अटेंडंट होती. मुलांना चढवायची, बेल्ट लावायची, नावं घेऊन मोजायची, कुणी ओकलं तर पुसायची. दोन वर्षं मी तिच्या मागच्या सीटवर बसत होते आणि दोन वर्षांत ती कुठल्या देशाची हे मला माहीत नव्हतं. स्टाफरूममध्ये आम्ही तिला "ती काळी आंटी" म्हणायचो. त्यात आपण काही वाईट बोलतोय असं आमच्यातल्या एकीलाही वाटत नव्हतं. आता लिहिताना कान तापतायत, पण तेव्हा नाही तापले.

नाताळच्या सुट्टीआधी आमच्याकडे "जगातले देश" असं मोठं एक्झिबिशन असतं. स्टाफरूममध्ये स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढायच्या. ज्या वर्गाला जो देश येईल त्याचे चार्ट, एक थर्माकोलचं मॉडेल, एक डान्स आणि एक भाषण. डान्सला दुसरीतली मुलं घ्यायची, कारण ती गोंडस दिसतात आणि त्यांच्या आया हॉल भरतात. त्या वर्षी माझ्या सहावी ब-ला घाना आला. इटली मिळालेली शेजारची टीचर म्हणाली, "अरेरे, आता काय करणार गं तू?" मला कावीळ झाल्यासारखं तिने तोंड केलं होतं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी इंटरनेटवरून काढलेलं प्रिंटआउट मांडीवर घेऊन बसले होते. पुढच्या सीटवरून ती आफ्रिकन बाई मागे वळली, कागदावर एक नजर टाकली आणि म्हणाली, "टीचर, पहिली ओळच चुकलीय."

पहिली ओळ अशी होती: घानाचा इतिहास पोर्तुगीज जहाजांच्या आगमनापासून सुरू होतो.

"चुकलीय कशी?" मी जरा तोऱ्यातच विचारलं. एकोणीस वर्षांची टीचर मी, मला बस अटेंडंट शिकवणार!

"जहाज आलं तेव्हा किनाऱ्यावर उभं राहून बघायला माणसं होती ना?" ती म्हणाली. "ती कुठून आली? जहाजातूनच?"

मी पेन काढून ती ओळ खोडली.

मग एकेक कळत गेलं. ती घानाचीच, समुद्रकाठच्या एल्मिना गावची. तिथे पोर्तुगिजांनी बांधलेला किल्ला आहे. त्यात तिने बारा वर्षं गाईडचं काम केलं होतं, दिवसाला चार-चार फेऱ्या. कोरोनात पर्यटक बंद झाले, किल्ला बंद झाला, घर चालेना, आणि एका एजंटाच्या ओळखीने ती मस्कतला येऊन पोचली. जिच्या आवाजावर तीस-चाळीस माणसं किल्ल्याच्या अंधारात मुकाट उभी राहायची, ती इथे "सीट डाऊन, सीट डाऊन" करत होती. त्या दिवसापासून मनातल्या मनात मी तिला गाईडबाई म्हणायला लागले. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, आणि तिचं इंग्रजी माझ्याहून स्वच्छ होतं.

मी तिला सांगितलं, आमच्या वसईलाही त्यांचाच किल्ला आहे. आणि इथल्या जुन्या बंदरावर डोंगरावरचे ते दोन किल्ले दिसतात ना, तेही मूळचे त्यांचेच. तिला हे ठाऊक होतं. "माझा सगळ्यात जुना," ती ऐटीत म्हणाली. मग विचारते, "तुझं आडनाव पण त्यांचंच का?" हो म्हटलं. "माझ्या गल्लीत डचांची आडनावं आहेत. पोर्तुगिजांना हाकलून डच आले, डचांकडून इंग्रजांनी घेतलं. तुमच्याकडे?" म्हटलं, आधी मराठे, मग इंग्रज. इथे मस्कतमध्ये ओमान्यांनीच हाकललं. "बघ," ती म्हणाली, "एकाच चोराने तीन घरं फोडली आणि तिन्ही घरांतल्या बायका एका बसमध्ये बसल्यात." आम्ही दोघी होतो आणि तिसरी कुणी नव्हती, पण पुढे ड्रायव्हर ओमानी होता, त्याला तिने बाई करून टाकलं म्हणून आम्ही इतक्या हसलो की मागची मुलं उठून बघायला लागली.

मी तिला भाषणाचं विचारलं. तू बोलशील का, तुझ्या देशाचं, तुझ्या तोंडून? तिने लगेच हो म्हटलं नाही. गालाच्या सिग्नलवर बस थांबली तेव्हा उठून तिने दोन मुलांचे बेल्ट नीट केले. मग म्हणाली, "एका अटीवर. मी सुरुवातीपासून सांगणार. बारा वर्षं मी जहाजापासून सांगितलं. किल्लाच जहाजाचा, मग गोष्ट दुसरी कुठून सुरू होणार? लोक यायचे, रडायचे, फोटो काढायचे आणि जायचे. त्यांना वाटायचं आम्ही तळघरातच जन्मलो. मला एकदा, एकदाच, माणसांसमोर उभं राहून आधीचं सांगायचंय. मार्चमध्ये माझं काँट्रॅक्ट संपतं. परत जाऊन मी काय करेन कोण जाणे, पण किल्ल्यात नाही जाणार."

मी म्हटलं, नक्की. शब्द दिला. छातीला हात लावून दिला.

मग तिने वही करायला घेतली. शाळेच्याच स्टोअरमधली, वर मोराचं चित्र असलेली. मुलांना शाळेत सोडल्यावर दुपारपर्यंत अटेंडंट बायकांना बसच्या पार्किंगमध्ये पत्र्याच्या शेडखाली बसून राहायचं असतं. तिथे ती लिहायची. बाकीच्या बायका फोन बघायच्या, ही लिहायची. महिनाभर.

त्यातली एक गोष्ट तिने मला तोंडी सांगितली, तीही अर्धीच. घानाच्या मधल्या भागात, हजारो वर्षांपूर्वी, लोखंडाच्या कितीतरी आधी, माणसं गाव करून राहायची. मातीची भांडी करायची, शेळ्या पाळायची. त्यांच्या जागी एक चमत्कारिक वस्तू सापडते. हाताच्या पंज्याएवढा लांबट, चपटा दगड, अंगभर आडव्यातिडव्या रेघा मारलेल्या, आणि बहुतेक सगळे मोडलेले. जगातल्या भल्याभल्या विद्वानांनी डोकं खाजवलं, तो कशासाठी होता हे कुणालाच ठरवता आलं नाही.

"म्युझियममध्ये काचेच्या पेटीत ठेवलाय आणि खाली चिठ्ठी आहे, उपयोग अज्ञात," ती म्हणाली. "एकदा माझ्या आईला घेऊन गेले होते. आईचा जन्म मासे धुरावर सुकवण्यात गेला, शाळेचं तोंड बघितलेलं नाही. तिने पेटीत बघितलं आणि हसायलाच लागली. म्हणाली, एवढी शिकलेली माणसं आणि त्यांना हे कळत नाही? हे तर..." आणि ती थांबली.

"हे तर काय?"

"ओळख."

मी म्हटलं, टाचा घासायला. आमच्या बाथरूममध्ये अगदी तसाच ठेवलाय. त्यावर ती जी हसली, पोट धरून! "टीचर, तू आणि ते विद्वान सारखेच. नाही सांगणार. त्या दिवशी स्टेजवर सांगेन, सगळ्यांसमोर. तोंडं बघायचीत मला सगळ्यांची. वहीत लिहिलंय, पण तू वाचलंस तरी कुणाला फोडू नकोस."

इथपर्यंत सगळं छान होतं. आता पुढचं.

सुपरवायझर मॅडम पुण्याच्या, त्यामुळे आमची भांडणं निदान मराठीत होतात, तेवढंच समाधान. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की घानाचं भाषण सात नंबरच्या बसची अटेंडंट करेल.

"अटेंडंट? स्टेजवर?" त्यांनी चष्मा काढला. "अहो, पालक काय म्हणतील? चीफ गेस्ट येणार आहेत."

"मॅडम, ती त्या देशाची आहे. बारा वर्षं तिने हेच सांगण्याचं काम केलंय."

"म्हणून काय झालं? आपण इटलीसाठी इटालियन आणलाय का?"

"मिळाला असता तर तुम्ही गेटपासून रेड कार्पेट घातलं असतंत," मी म्हटलं.

त्या उखडल्या. मीही उखडले होतेच. अर्धा तास आमचं चाललं. ज्या देशात कितीतरी ओमानी घरांत आजही आजीशी स्वाहिली बोलतात, आफ्रिकेशी ज्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं येणंजाणं आहे, त्या देशात येऊन आपण आफ्रिकन माणूस दिसला की नाक मुरडतो, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. आत्ता वाटतं, काय शूर होते मी त्या अर्ध्या तासात! शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पाच मिनिटं. पण ते आदिमानव वगैरे नको. जहाजापासून स्वातंत्र्यापर्यंत, सिलॅबसमध्ये आहे तेवढंच. आणि डान्स नेहमीसारखा झाला पाहिजे. गवताचे स्कर्ट, भाले, तोंडं रंगवलेली. पालकांना तेच आवडतं. त्यात काही बदल नाही. मान्य?"

आणि मी म्हटलं, मान्य.

मला वाटलं मी जिंकले. केबिनमधून बाहेर आले ती मान ताठ करून. पाच मिनिटं मिळाली होती ना! बाकी काय, डान्स तर डान्स. दर वर्षी होतो. खलास.

आता मुलांची तोंडं काळी करण्याबद्दल. वसईला आमच्या वाडीत नाताळानंतर तीन राजे निघायचे, बाळ येशूला भेटायला. तिसरा राजा काळा. मी उंच होते म्हणून सलग पाच वर्षं तिसरा राजा मीच. आई तव्याच्या बुडाची काजळी खोबरेलात कालवायची आणि माझ्या तोंडाला चोपडायची. सगळी वाडी कौतुक करायची, फादर गालाला हात लावून बोट काळं करून घ्यायचे. माझ्या मनात त्या काजळीला नाताळच्या करंज्यांचा वास आहे. तेव्हा मुलांची तोंडं काळी करायची म्हटल्यावर माझ्या पोटात काही म्हणजे काही हललं नाही. उलट दुसरीच्या आयांचा जो व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर कुणीतरी बूट पॉलिशचं लिहिलं, तर मीच धावून गेले. मी लिहिलं: "बूट पॉलिश नको, डोळे चुरचुरतात. आधी खोबरेल लावा, त्यावर काजळ पसरवा. दिसतं पण छान आणि पाच मिनिटांत निघतं." शेवटी हात जोडलेलं चित्र. बावीस आयांनी अंगठा दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुणी मला विचारलंसुद्धा नव्हतं.

एक्झिबिशनच्या आठ दिवस आधी तिने वही माझ्या हातात दिली. "पूर्ण वाच," म्हणाली. "कुठे चुकलं असेल तर सांग. तू टीचर आहेस."

मी हो म्हटलं. त्या रविवारी वही उघडली. पहिली अकरा पानं जहाजाच्या आधीची होती. मी त्यांची फक्त पानं मोजली, कारण चार्टला किती मजकूर लागेल ते बघायचं होतं. मॅडमना जहाजापासून हवं होतं, मुलं चार्टसाठी खोळंबली होती, मला पेपर तपासायचे होते. मी अकरा पानं उलटली आणि बाराव्यापासून वाचायला लागले. पोर्शनमध्ये नाही ते सोडायचं, ही माझी एकोणीस वर्षांची सवय. आमच्या हातांना ती सवय इतकी आहे की डोळ्यांना विचारावंच लागत नाही.

बाराव्या पानापासूनचं मला पाठ आहे. ते मी कधीही सांगू शकते. जहाजं आली ती माणसांसाठी नव्हे, सोन्यासाठी. किनाऱ्यावरच्या राजाने त्यांना आधी जपून पारखलं, मग किल्ला बांधू दिला. मग सोनं कमी पडलं आणि माणसं विकणं सोपं निघालं. तळघरातल्या भिंतीला अजून वास येतो असं तिने लिहिलं होतं, आणि पुढे कंसात, "मला येत नाही, पण लोक विचारतात म्हणून हो म्हणते." आत जंगलात अशांती नावाच्या लोकांचं राज्य होतं, त्यांचं सोन्याचं आसन होतं, ज्यावर राजासुद्धा बसत नसे, आणि इंग्रज गव्हर्नर म्हणाला ते मला बसायला आणा, तेव्हा पुरुष विचार करत बसले आणि एक राजमाता लढायला उठली. मग कोको. जगाने चॉकलेट खाल्लं आणि पिकवणाऱ्याने त्याची चव बघितली नाही. मग महायुद्ध. तिचे आजोबा इंग्रजांच्या फौजेतून ब्रह्मदेशात लढायला गेले होते आणि वाटेत मुंबईला उतरले होते. घरी परतल्यावर त्यांच्यासारख्या सैनिकांनी कबूल केलेलं मागण्यासाठी हातात अर्ज घेऊन, बिनहत्यारी मोर्चा काढला, तर त्यांच्यावर गोळ्या घातल्या. वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानंतर नऊ-दहा वर्षांत देश स्वतंत्र झाला आणि नाव घेतलं घाना, उत्तरेकडच्या एका जुन्या राज्याचं, जे या जमिनीवर नव्हतंच. "आम्हाला नाव घ्यायलाही जहाजाच्या आधी जावं लागलं," असं शेवटचं वाक्य होतं.

इतकं वाचून मी डोळे पुसले, चार्टचा मजकूर काढला आणि सोमवारी वही परत दिली. "फार छान," म्हणाले. तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पाच मिनिटांचं मात्र सांगावंच लागलं. म्हटलं, जहाजापासून सुरू कर, वेळ कमी आहे, ॲडजस्ट कर जरा. तिने माझ्याकडे बघितलं. "पाच मिनिटं दगडाला पुरतात," ती म्हणाली. "मी जहाजच गाळते. जहाज सगळ्यांना माहीत आहे." मला हसू आलं आणि मॅडमची भीतीही वाटली. डान्सबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. का नाही काढलं? कारण आत कुठेतरी मला माहीत होतं. पोटात काही हललं नाही असं मी वर लिहिलंय ते पूर्ण खरं नाही. तिच्या मागच्या सीटवर बसून रोज सकाळी सांगायची संधी होती, आणि रोज मी मूग गिळून बसले.

एक्झिबिशनच्या दिवशी ती बसमध्ये युनिफॉर्मशिवाय आली. निळ्या कापडावर पिवळी मोठी नक्षी असलेला पायघोळ झगा, त्याच कापडाचा डोक्याला बांधलेला फेटा. मुलं ओरडली, "आंटी, यू आर क्वीन!" ओमानी ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि "यल्ला, मलिका", चला राणीसाहेब, म्हणत हाताने चढायची खूण केली. मोराची वही तिने काखेत घट्ट धरली होती. हॉलमध्ये स्टेजच्या डाव्या बाजूला, पडद्याशी, तिला उभं केलं होतं.

डान्स आधी होता.

ढोलाचं कुठलंतरी रेकॉर्डिंग लागलं, घानाचं होतं की कुठलं देव जाणे. वीस मुलं रांगेने आत आली. कागदी गवताचे स्कर्ट, पुठ्ठ्याचे भाले, गळ्यात हाडांच्या माळा, आणि काळीकुट्ट चकचकीत तोंडं. माझी ट्रिक उत्तम जमली होती. "हू हा, हू हा" करत ती उड्या मारायला लागली आणि हॉल हसून लोटपोट. प्रत्येक आईचा मोबाईल वर. ती वीसच्या वीस मुलं नव्हे, पण त्यातली सात तिच्या बसची होती. रोज सकाळी ती ज्यांचे बेल्ट लावायची ती. नाच संपल्यावर त्यातली एक चिमुरडी धावत पडद्याशी गेली, तिच्या झग्याला बिलगली आणि आनंदाने ओरडली, "आंटी, लुक! आय बिकेम यू!"

मी चार हातांवर होते. गाईडबाईंचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. तिने त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, केसांवर, तोंडाला न लावता. मग मुलीला हलकेच बाजूला केलं.

सुपरवायझर मॅडम माईकवर म्हणाल्या, "नाऊ अवर ओन बस हेल्पर विल से अ फ्यू वर्ड्स."

ती माईकपाशी गेली. वही उघडली नाही. समोरच्या लोकांवरून तिने एकदा सावकाश नजर फिरवली, किल्ल्यात फिरवत असेल तशी, आणि खरंच हॉल शांत झाला. मला अजूनही वाटत होतं, आता ती दगडाचं सांगेल.

"मला पाच मिनिटं दिली होती," ती म्हणाली. "पण तुम्हाला जे बघायचं होतं ते तुम्ही बघितलंत. मुलांनी खायच्या आधी त्यांची तोंडं धुवा."

आणि ती खाली उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या! सवयीने. माईकवरून कुणी काही बोललं आणि थांबलं की वाजवायच्या. चीफ गेस्टनीही वाजवल्या. मी आजवर ऐकलेल्या टाळ्यांत इतक्या निर्लज्ज टाळ्या दुसऱ्या नाहीत.

स्टेजच्या मागे मॅडमनी मला गाठलं. "काय ही ॲटिट्यूड! कुणाला आणलंत तुम्ही? काय म्हणायचं होतं तिला?" मी त्यांच्यावर ओरडले. चांगलं घसा फुटेस्तोवर ओरडले. तुम्हाला लाज नाही, तुम्हाला माणूस कळत नाही, तुमची ती गवताची चड्डी घाला तुम्हीच. त्या बघतच राहिल्या, मग शांतपणे म्हणाल्या, "काजळाची आयडिया तर तुमची होती ना? ग्रुपवर वाचलं मी."

मी वळले आणि मागच्या दाराने बाहेर निघून गेले.

दुपारी मी पार्किंगकडे गेले तेव्हा ती युनिफॉर्ममध्ये होती. ती चिमुरडी बसच्या पायरीवर बसली होती आणि गाईडबाई टिश्यूने तिचं तोंड पुसत होती. डोळ्यांभोवती, कानांच्या मागे, सावकाश. मुलीची आई घाईत होती, तिला ड्युटीला जायचं होतं. मला बघून ती खूश झाली. "टीचर, तुमची ट्रिक एकदम बेस्ट!" आणि मग गाईडबाईंना कळावं म्हणून इंग्रजीत, "टीचर टोल्ड अस, कोकोनट ऑइल फर्स्ट! सी, हाऊ ईझी!" आणि ती टाटा करून निघून गेली.

गाईडबाईंचा हात क्षणभर थांबला. मला वाटलं आता ती मला झोडपेल. मी तयार होते, मला ते हवंच होतं. तिने टिश्यू घडी केला, मुलीची हनुवटी पुसली आणि म्हणाली, "तेल चांगलं होतं. त्वचेला काही झालं नाही."

मुलगी आत जाऊन सीटवर बसली. आम्ही दोघी पायरीपाशी उभ्या होतो. मला काहीतरी बोलायचं होतं आणि सॉरी हा शब्द तोंडात फिरत होता, पण तो इतका भिकार वाटत होता की मी भलतंच बोलले. म्हटलं, "ती वही मला दे. मी वर्गात शिकवते. पोर्शन गेला खड्ड्यात. सुरुवातीपासून शिकवते, सगळं, आईशपथ."

"वाचलीस ना तू?" तिने विचारलं.

"हो."

"पूर्ण?"

"हो, पूर्ण," मी म्हटलं. इतकं सहज खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

तिने वही काखेतून काढली आणि माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला. तिने वही सोडली नाही.

"मग सांग, टीचर," ती म्हणाली. "तो दगड कशासाठी होता?"

एकोणीस वर्षं मी मुलांना हेच करत आले. वाचलं का? वाचलं, मिस. मग सांग. आणि मुलगा खाली बघायला लागला की मला कळायचं, आणि मी त्याला वर्गाबाहेर उभं करायचे. त्या दुपारी पार्किंगच्या तापलेल्या डांबरावर मी खाली बघत उभी होते. ती थांबली. तिने मला पुरेसा वेळ दिला, गाईडला थांबायची सवय असते. मग वही परत काखेत मारली, बसमध्ये चढली आणि नावं घेऊन मुलं मोजायला लागली.

मार्चमध्ये ती गेली. मी शोधलं, इंटरनेटवर जेवढं मिळतं तेवढं सगळं वाचलं. त्या दगडाचे फोटो आहेत, लांबट, रेघारेघांचे, मोडलेले. प्रत्येक फोटोखाली तेच लिहिलंय, उपयोग अज्ञात. एका बाईला माहीत होतं, तिने मुलीला सांगितलं, मुलीने ते लिहून माझ्या हातात दिलं होतं, अख्खे चार दिवस ते माझ्या घरात डायनिंग टेबलावर पडलं होतं, आणि मी पानं मोजली.